ज्याचा सण तो यजमान: सोसायटीत सगळ्यांचे सण कसे साजरे करावेत

आमच्या सोसायटीने पहिल्या वर्षी काय केलं ते आधी सांगते, म्हणजे काय करू नये ते लगेच कळेल. डिसेंबरातला एक रविवार धरून ‘सर्वधर्म संध्याकाळ’ ठेवली. क्लबहाऊसमध्ये एकाच टेबलावर समई, मेणबत्ती आणि हिरवी चादर. मुलांना निरनिराळे पोशाख. सेक्रेटरींचं अर्ध्या तासाचं भाषण. जेवायला केटररची पावभाजी आणि गुलाबजाम. त्या दिवशी कुणाचाच सण नव्हता, त्यामुळे कुणालाच नवे कपडे घालावेसे वाटले नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या आपा दहा मिनिटं बसल्या आणि “दूध गॅसवर आहे” म्हणून उठून गेल्या. पुढच्या वर्षी कुणी विषयही काढला नाही.

खरी सुरुवात झाली ती एका डब्याने. 2025 साली गुढीपाडवा 30 मार्चला होता. दुपारी मी श्रीखंडाचा डबा आपांकडे पाठवला. त्यांचा रोजा होता, म्हणून डबा फ्रिजमध्ये गेला आणि इफ्तारीला उघडला गेला. त्याच संध्याकाळी चंद्र दिसला. दुसऱ्या दिवशी ईद, आणि तोच डबा शीरखुर्मा भरून खाली आला. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे दोन्ही घरांना माहीत होतं. त्यानंतर आम्ही एकच नियम ठेवला: ज्याचा सण तो यजमान, बाकीचे पाहुणे आणि पडेल त्या कामाला हात. सण एकमेकांत कालवायचे नाहीत. खालचं सगळं या नियमातूनच आलं आहे.

आधी दारं वाजवा

व्हॉट्सअॅप ग्रुपवर मतदान घेऊ नका. तिथे चार जण अंगठे दाखवतात, दोघे भांडतात आणि ज्यांना खरंच काही सांगायचं असतं ते गप्प बसतात. दोघा-दोघांनी मिळून घरोघरी जा, चहाला बसा आणि चार गोष्टी विचारा. तुमच्या घरी कोणता सण होतो आणि त्याला शेजाऱ्यांना बोलवायला आवडेल का? घरात काय खात नाही? संध्याकाळची कोणती वेळ चालत नाही? आणि कोणती गोष्ट आम्ही केली तर तुम्हाला अवघडल्यासारखं होईल?

चौथ्या प्रश्नाला पहिल्या भेटीत उत्तर मिळत नाही. “नाही नाही, आम्हाला सगळं चालतं,” असंच म्हणतात. थोडं थांबा. निघताना, चपला घालता घालता माणसं खरं बोलतात. आमच्याकडे एका ताईंनी दारात सांगितलं की नवरा वारल्यापासून त्या हळदीकुंकवाला येत नाहीत, आणि कुणी बोलावलंही नाही. त्या वर्षीपासून संक्रांतीचा आमचा कार्यक्रम नुसता ‘तिळगूळ’ झाला. बायका, पुरुष, सगळे येतात. ज्यांना कुंकू हवं त्यांच्यासाठी करंडा टेबलावर असतो, कपाळावर बोट कुणी नेत नाही.

आडनावावरून धर्म आणि धर्मावरून ताट ठरवू नका. मासे न खाणारे कोकणी असतात, कांदा-लसूण न खाणारे वारकरी असतात, चर्चमध्ये न जाणारे ख्रिश्चन असतात आणि देवच न मानणारेही असतात. भाडेकरूंना वगळू नका. एकटी राहणारी पोरं-पोरी सणाला घराच्या जेवणाला आसुसलेली असतात. वॉचमन आणि झाडूवाल्या मावशींनाही हेच प्रश्न विचारा. आमचा वॉचमन छठ करतो, हे आम्हाला सहा वर्षांनी कळलं.

ज्यांना यायचंच नाही, त्यांना कारण विचारू नका. घरात आजारपण असेल, सुतक असेल, नाहीतर नुसतं मन नसेल.

मग कॅलेंडर

भिंतीवरच्या कालनिर्णयात हिंदू सणांबरोबर मुस्लिम, ख्रिस्ती, जैन, पारशी सणही असतात. तेच पुढ्यात घ्या आणि जानेवारीत वर्षभराचा एक कागद करा. फक्त तारखा कशा सरकतात हे समजून घ्या, नाहीतर दरवर्षी घोळ होतो.

हिजरी वर्ष 354-355 दिवसांचं, म्हणून रमजान आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतात. आपले चांद्रमासही तसेच सरकतात, पण दर दोन-तीन वर्षांनी अधिक महिना घालून आपण त्यांना परत ऋतूशी जुळवतो. त्यामुळे दोन्हीकडचे सण काही वर्षं हातात हात घालून चालतात आणि मग सुटतात. 2024 मध्ये पाडवा 9 एप्रिलला आणि ईद 11 एप्रिलला, 2025 मध्ये लागोपाठच्या दिवशी. दोन्ही अमावास्येनंतरच्या चंद्राशी बांधलेले, म्हणून महिना जुळला की दिवसही जुळतात. तसंच अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलादचं. 2023 साली दोन्ही 28 सप्टेंबरला आले. मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी आपला जुलूस दुसऱ्या दिवशी ठेवला आणि सरकारनेही 29 ची सुट्टी दिली. 2024 मध्ये जुलूस 18 सप्टेंबरला आणि 2025 मध्ये 8 सप्टेंबरला गेला. एवढ्या मोठ्या शहराला जमतं, तर चाळीस फ्लॅटच्या पार्किंगला जमायला हरकत नाही. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने गणपती 14 सप्टेंबरवर गेले आणि ही जोडी सुटली.

ईदची तारीख चंद्रावर ठरते हे विसरू नका. रोजे एकोणतीस होणार की तीस हे आदल्या संध्याकाळीच कळतं, म्हणून हॉल दोन्ही शक्य दिवसांसाठी धरून ठेवा. ईदच्या शुभेच्छांचा फलक आदल्या दिवशी दुपारीच लावून बसण्याचा पराक्रम आम्ही केला आहे.

याच कागदावर लाल पेनाने शांत दिवस लिहा. हे बहुतेक सोसायट्या करत नाहीत आणि तिथेच मनं दुखावतात. गुड फ्रायडे हा दुःखाचा दिवस, त्याला ‘हॅपी’ लावत नाहीत. मोहरमच्या दहाव्या दिवशी, आशुराला, शुभेच्छा देत नाहीत. 6 डिसेंबर हा बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. त्या दिवशी नाताळची रोषणाई चालू करायचा समारंभ ठेवू नका, 7 ला ठेवा. पतेती म्हणजे पारशी वर्षाचा शेवटचा, मागे वळून पाहण्याचा दिवस. शुभेच्छा दुसऱ्या दिवशी, नव्या वर्षाच्या. आणि जैनांच्या संवत्सरीला कुणी “मिच्छामि दुक्कडम्” म्हणालं तर ती क्षमायाचना असते. “सेम टू यू” म्हणू नका. तेच शब्द हात जोडून परत म्हणा.

पैसे

सणांचा खर्च मेंटेनन्समधून करू नका. कायदा काय म्हणतो, उपविधी काय म्हणतात हा पुढचा प्रश्न; ज्याला तो सण नको त्याच्या खिशातून तो होऊ नये, एवढं साधं आहे. वर्गणी ऐच्छिक ठेवा, पावती द्या आणि कुणी किती दिले याची यादी नोटीस बोर्डावर लावू नका. एकूण जमा आणि एकूण खर्च लावा. आम्ही वर्षाला एकच पेटी ठेवतो, त्यातून कागदी पानं, पाणी, दिव्यांच्या माळा, सतरंज्या असं सगळ्यांना लागणारं सामान येतं. मूर्ती, पूजा, केक, शीरखुर्म्याचं दूध हा खर्च यजमानांचा, किंवा ज्यांना त्यात घालावेसे वाटतात त्यांचा. “गणपतीला एवढे आणि ईदला एवढेच का?” हा वाद पेटीत सगळ्यांचं सामान असल्याने उद्भवतच नाही.

स्वयंपाक: इथेच सगळं जमतं किंवा फिसकटतं

सगळ्यांचं एकत्र जेवण असेल तर ते शाकाहारी ठेवा. कारण धार्मिक नाही, हिशेबाचं आहे. मांसाहार ठेवला तर मुस्लिम घरांना हलाल हवं, नेम पाळणाऱ्या शिखांना हलाल चालत नाही, आणि शाकाहारी लोक दुरूनच नमस्कार करतात. बिर्याणी यजमानाच्या घरीच खावी, तिथे ती चांगलीही लागते.

शाकाहारी म्हणजे जैन नव्हे, हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. जैन ताटात कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, आलं काहीच नाही. मध नाही. बटाट्याऐवजी कच्ची केळी घेतली की भाजी, पॅटिस, पावभाजी सगळं होतं, आल्याच्या जागी सुंठ. आणि पळी वेगळी ठेवा! कांद्याच्या भाजीतली पळी जैन भाजीत गेली की तुमची सगळी मेहनत गेली. आम्ही सोसायटीच्या पैशांनी दोन मोठी स्टीलची पातेली आणि चार पळ्या घेतल्या. त्यात फक्त कांदा-लसणाशिवायचं शाकाहारी शिजतं आणि ती कुलपात असतात. शीरखुर्माही त्यातच होतो. दूध, शेवया, खजूर, चारोळी, तूप. त्यात न चालण्यासारखं काही नाही, अडचण होती ती भांड्याची. पातेली आल्यावर चौथ्या मजल्यावरच्या बांनी आयुष्यात पहिल्यांदा शीरखुर्मा खाल्ला आणि “आमच्या दूधपाकात खजूर का नाही घालत?” असं सुनेला विचारलं. प्रमाण हवं असेल तर चाळीस लहान वाट्यांना पाच लिटर दूध आणि तीनशे ग्रॅम बारीक शेवया पुरतात. शेवया जास्त घातल्या तर तासाभरात खीर चमच्याने कापावी लागते.

नाताळच्या केकबद्दल दोन गोष्टी विचाराव्यात: अंडं आहे का, आणि सुका मेवा रममध्ये भिजवलाय का. आमचे वसईचे अंकल आता दोन केक करतात. दुसऱ्याचा मेवा संत्र्याच्या रसात भिजतो आणि त्यात अंडं नसतं. तो थोडा भुसभुशीत होतो, पण संपतो तोच आधी. कुलकुल (नाताळचा तळलेला गोड फराळ) आणि नेवऱ्यांत अंडं घातलंय की नाही, हेही विचारून त्या ताटलीवर चिठ्ठी लावा. नेवरी म्हणजे आपली करंजीच, त्यामुळे दिवाळीत आणि नाताळात लाटायला बसणारी मंडळी तीच असतात.

आता प्रसाद. काही मुस्लिम आणि ख्रिश्चन घरांत देवाला दाखवलेला नैवेद्य खात नाहीत. काही घरांत आनंदाने खातात. कोण काय करतं हे चारचौघांत हातावर पेढा ठेवून तपासू नका. उकडीचे मोदक झाले की नैवेद्य दाखवायच्या आधीच एक ताट बाजूला काढा आणि वाटताना दोन्ही ताटं शेजारी ठेवून मोठ्याने सांगा: हा प्रसाद, हे नुसते मोदक. ज्याचं त्याने उचलावं. किलोभर पिठीत मध्यम आकाराचे साठेक मोदक होतात, त्यातले पंधरा-वीस बाजूला काढले तर बाप्पा रागावत नाही.

इफ्तार: घड्याळाचा सण

सोसायटीची इफ्तार करायची तर वर्षातून एकदाच करा, तीही सुट्टीच्या दिवशी, आणि यजमान घरांना विचारून. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत अनेकांचं लक्ष इबादतीत असतं, म्हणून पहिल्या पंधरवड्यातला रविवार बरा.

पहिली गोष्ट वेळ. रोजा सूर्यास्ताला सुटतो आणि तो मिनिटावर असतो. त्या शहराचं वेळापत्रक मशिदीत मिळतं. मार्चअखेरीस मुंबई-पुण्याकडे पावणेसातच्या आसपास. त्याआधी दहा मिनिटं प्रत्येकासमोर खजूर आणि पाणी पोचलेलं हवं. भाषण नाही, सत्कार नाही, फोटोसाठी “जरा थांबा” तर नाहीच. दिवसभर पाणी न प्यायलेल्या माणसाला शाल पांघरण्याइतका क्रूर प्रकार नाही.

दुसरी गोष्ट जागा. रोजा सोडल्यावर मगरिबची नमाज होते, दहा-पंधरा मिनिटांची. हॉलचा एक कोपरा किंवा शेजारची खोली झाडून, स्वच्छ चादरी अंथरून ठेवा. वजू करायला, म्हणजे नमाजआधी हातपाय-तोंड धुवायला, नळ मोकळा हवा. किब्ला, म्हणजे नमाजाला तोंड करायची दिशा, आपल्याकडून साधारण पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. त्या बाजूने माणसांची ये-जा होणार नाही असं पाहा. बाकीच्यांनी तेवढा वेळ ताटं मांडावीत.

तिसरी गोष्ट आमच्याकडे जवळजवळ फसली होती. चौविहार पाळणारे जैन सूर्यास्तानंतर खात नाहीत आणि रोजेदार सूर्यास्ताआधी खात नाहीत. म्हणजे ज्या मिनिटाला एकाचं जेवण सुरू होतं त्याच मिनिटाला दुसऱ्याचं बंद. पहिल्या वर्षी बा उपाशीच वर गेल्या. दुसऱ्या वर्षी आपांनीच तोड काढली: सहा वाजता जैन मंडळींची पंगत, वाढायला रोजेदार घरातली पोरं, सूर्यास्ताला इफ्तार, तेव्हा वाढायला जैन घरातली पोरं. आता ही दुहेरी पंगत आमच्या इफ्तारीची शान आहे आणि इतर सोसायट्या ती बघायला येतात.

गणपती

सार्वजनिक गणपती चाळींच्या अंगणातच वाढला. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत तो 1893 पासून आहे. त्यामुळे सोसायटीचा गणपती बहुधा आधीच असतो, प्रश्न असतो तो बाकीच्यांना तो आपला कसा वाटेल याचा. कुणाच्याही हातात अचानक आरतीचं तबक देऊ नका. कौतुकाने केलेली ही गोष्ट एखाद्या शेजाऱ्याला भर सभेत पेचात टाकते. कामं द्या. विजेचं काम, मुलांच्या स्पर्धा, विसर्जनाच्या दिवशी गाडी, मूर्ती उचलायला खांदा. आरतीच्या वेळी मागे उभं राहायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

एक लक्षात ठेवा. श्वेतांबर जैनांची संवत्सरी गणेश चतुर्थीच्या आसपासच येते, 2025 मध्ये तर दोन्ही 27 ऑगस्टलाच होत्या. दिगंबरांचं दशलक्षण पर्व ऋषिपंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत चालतं. म्हणजे तुमच्या दहा दिवसांत खालच्या घरात उपास चालू असू शकतो. पहिल्या दिवशी महाप्रसादाला या म्हणून आग्रह करू नका, पारणं झाल्यावर बोलवा. ओणमही याच सुमारास येतं; फुलांच्या पूकळमसाठी लिफ्टसमोरची जागा केरळी कुटुंबाला द्या आणि त्या दिवशी आपली रांगोळी दुसरीकडे काढा.

बाकी सणांना फार जुळवाजुळव लागत नाही. 14 एप्रिलला पुतळ्याला हार घालून पळ काढण्याऐवजी संध्याकाळी बौद्ध शेजाऱ्यांच्या घरी वंदनेला जाऊन बसा, शक्यतो पांढऱ्या कपड्यांत, आणि खीर खाऊन या. गुरुपूरबला जवळच्या गुरुद्वाऱ्यात लंगरमध्ये पोळ्या लाटायला माणसं लागतातच; डोकं झाकायला रुमाल न्या. 21 मार्चच्या नवरोजला पारशी घर असेल तर मुलांना तिकडे पाठवा, भोकाच्या डब्यांनी उंबऱ्यावर रांगोळीचे ठसे काढायला त्यांना फार आवडतं.

आवाज

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकर बंद. सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस कोणते हे तुमच्या पोलीस ठाण्यात विचारा. निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, आणि 55 म्हणजे जेमतेम साधं बोलणं. मोबाइलवरचं मोजणारं अॅप काटेकोर नसतं, पण भांडण मिटवायला पुरतं. नियम सगळ्यांना सारखा लावा. ईदच्या ‘नात’ला (पैगंबरांच्या स्तुतिगीतांना) दहाला आणि देवीच्या गरब्याला साडेअकराला बंद, असं एकदा झालं की पुढची पाच वर्षं तेच ऐकावं लागतं.

अडणारे विषय आधीच बोला

सगळ्यात अवघड बकरी ईद. 2023 साली मीरा रोडच्या एका गृहसंकुलात बकऱ्यांवरून मोठा वाद झाला, आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने, दक्षिण मुंबईतल्या एका सोसायटीबाबत, महापालिकेचा परवाना नसेल तर तिथे कुर्बानी होऊ नये, यावर लक्ष ठेवायला पालिकेला सांगितलं. हा विषय सणाच्या आठवड्यात काढू नका, दोन महिने आधी काढा. आमच्याकडे कुर्बानी देवनारच्या पालिकेच्या कत्तलखान्यात होते आणि मटण झाकलेल्या डब्यांत थेट घरी येतं. लिफ्टने येतानाही घट्ट झाकणाचा डबा. या बदल्यात बाकीच्यांनी त्या तीन दिवसांत वास, जनावरं यांबद्दल ग्रुपवर एक अक्षरही लिहायचं नाही, हेही ठरलं आहे. दुसऱ्या बाजूनेही बोला: होळीत नको म्हणणाऱ्याला रंग नाही, जिन्यात पणत्या ठेवून वाट अडवायची नाही, फटाके ठरलेल्या वेळेतच.

कुणी म्हणेलच, हे सगळं आजकालचं नाटक आहे. त्यांना कुरुंदवाडचं सांगा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या गावात मशिदींमध्ये गणपती बसतो, आणि मोहरम गणेशोत्सवात आला की पंजे आणि मूर्ती एकाच छताखाली असतात. तिथे कुणी संध्याकाळची सभा घेऊन हे ठरवलेलं नाही.

शेवटचं एक काम

डब्यांवर आणि झाकणांवरही फ्लॅट नंबर लिहा. ऑइल पेंटने लिहिलं तर घासण्यात जात नाही. वर्षभरात इतके डबे वर-खाली होतात की कुणाचं काय ते कळेनासं होतं. माझ्या ओट्याखाली या घडीला दोन स्टीलची झाकणं आहेत, एकावर ‘ब’ एवढंच उरलंय. ब विंगमधल्या कुणी विचारलं तर देईन, पण रिकामी नाही देणार.